एका रात्रीपुरती जागा: उरण, चिरनेर आणि 'सरकारी' जमीन



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा तुमच्याकडे तंबू आहे, पाण्याचा कॅन आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे. आमच्या उरण तालुक्यात अशी एखादी जागा सापडेल का, जिथे कुणाला पैसे न देता आणि कुणाला न विचारता एक रात्र तंबू ठोकून राहता येईल? जमीन सरकारी आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांचीच आहे, एवढ्या एका आधारावर?

हा प्रश्न सुचायचं कारण म्हणजे अमेरिकेतले ते व्हिडिओ. तुम्हीही पाहिले असतील. ॲरिझोना किंवा युटाचं वाळवंट, लाल डोंगर, मैलोन्‌मैल कुणी नाही, आणि मध्येच एक गाडी आणि एक तंबू. खाली लिहिलेलं असतं, 'फ्री कॅम्पिंग'. बुकिंग नाही, पावती नाही, गेट नाही. आपल्याकडे कॅम्पिंग म्हटलं की पवना तलावाकाठी रांगेत लावलेले तंबू, माणशी भाडं, त्यात बार्बेक्यू आणि सकाळचे पोहे. मग प्रश्न पडतोच, तिकडे फुकट का आणि इकडे का नाही?

याचं उत्तर शोधता शोधता मी थेट चिरनेरच्या डोंगरात, १९३० सालात पोचलो. ते कसं, तेच आज सांगतो.

तिकडे नेमकं काय आहे

आधी अमेरिकेचं समजून घेऊ, कारण ते दिसतं तितकं सरळ नाही.

तिथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं केंद्र सरकारचं खातं आहे. त्याच्याकडे साधारण २४.५ कोटी एकर जमीन आहे. आपल्या हिशोबात सांगायचं तर तीन महाराष्ट्र त्यात सहज मावतील. नेवाडा राज्याचीच जवळजवळ ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३१ लाखांच्या आसपास.

एवढी जमीन सरकारकडे राहिली कशी? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकर जमीन जवळपास फुकट वाटत होतं. अट एकच, तिथे राहा आणि कसा. पाणी असलेली, पिकणारी जमीन लोकांनी घेतली. वाळवंट कुणी घेतलं नाही. ते उरलं. त्या उरलेल्या माळांवर गुराखी आणि मेंढपाळ जनावरं घेऊन फिरायचे, जिथे रात्र होईल तिथे मुक्काम करायचे. चराई बेसुमार झाली तेव्हा १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग कायदा आला आणि परवाने सुरू झाले. १९४६ मध्ये हे खातं स्थापन झालं. १९७६ च्या कायद्याने ठरवून टाकलं की ही जमीन यापुढे साधारणपणे विकायची नाही, सरकारनेच सांभाळायची, आणि चराई, खाणकाम, वन्यजीव, भटकंती अशा अनेक वापरांसाठी ठेवायची.

आता नियम बघा. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस राहता येतं. मग तळ उठवून लांब जायचं, बऱ्याच भागांत हे अंतर २५ मैलांचं, म्हणजे ४० किलोमीटरचं असतं. म्हणजे मोकळीक आहे, पण घर करायची नाही. थांबा, आणि पुढे जा.

आणि एक गोष्ट त्या व्हिडिओत कधीच नसते. ती जमीन 'कुणाचीच नव्हती' हे खोटं आहे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून शेकडो किलोमीटर चालवत नेलं. १८६८ च्या तहानंतर ते परतू शकले, तेही मूळ मुलखाच्या एका तुकड्यावर. आज जिथे फुकट तंबू पडतो, ती जमीन आधी कुणाकडून तरी मोकळी करून घेतलेली आहे. 'सार्वजनिक' शब्द कुठेही ऐकला की आधी विचारायचं, त्याआधी इथे कोण होतं?

उरणच्या नकाशावर बोट ठेवून

आता आपल्याकडे या. उरणचा नकाशा उघडा आणि तंबूसाठी जागा शोधा.

करंजाकडे नौदलाचा शस्त्रसाठा. पिरवाडीच्या किनाऱ्याला लागून ओएनजीसी. उत्तरेला जेएनपीटी, म्हणजे १९८९ पासून चालू असलेलं न्हावा-शेवा बंदर, आणि त्याच्याभोवती कंटेनर यार्ड. खाडीकडेला खारफुटी, तिला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कडक संरक्षण दिलंय, आणि ते योग्यच आहे. उरलेलं बरंचसं सिडकोच्या ताब्यात. पूर्वेला चिरनेरच्या बाजूने डोंगर चढत गेलात की वनखात्याची हद्द, पलीकडे कर्नाळा. ते १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे रात्री मुक्काम करायचा विषयच नाही.

म्हणजे सरकारी जमीन भरपूर, आणि हक्काने टेकायला जागा शून्य.

यातला डोंगराचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे जो कायदा चालतो तो भारतीय वन अधिनियम, १९२७. त्याचं कलम २६ सांगतं की राखीव वनात विनापरवाना शिरणं, गुरं चारणं, आग पेटवणं, लाकूड तोडणं हा गुन्हा आहे. तुमचा तंबू आणि तुमची चहाची चूल दोन्ही यात सापडतात. लक्षात घ्या, हा कायदा कॅम्पिंगवाल्यांसाठी कुणी लिहिला नव्हता. तो लिहिला होता चिरनेरसारख्या गावातल्या माणसांसाठी.

डिफॉल्ट डिनाय

वनांचा पहिला कायदा १८६५ चा. पण खरी पकड आली ती १८७८ च्या कायद्याने. त्याने जंगलाचे तीन वर्ग केले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे फायरवॉलच्या भाषेत पटकन कळतं. संरक्षित वन म्हणजे डिफॉल्ट अलाऊ: ज्याला मनाई केली आहे तेवढं सोडून बाकी चालतं. राखीव वन म्हणजे डिफॉल्ट डिनाय: ज्याला परवानगी दिली आहे तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. ग्रामवन हा तिसरा वर्ग गावाने स्वतः सांभाळायचा होता, तो बहुतेक कागदावरच राहिला. इंग्रज अधिकाऱ्यांमध्येही यावर वाद होता. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की लोक पूर्वापार वापरत आले तरी तो हक्क नव्हे, राजाने दिलेली सवलत. वनखात्याचे प्रमुख ब्रँडिस गावांचे हक्क थोडे जास्त मानणारे होते. जिंकली ती बेडन-पॉवेलची बाजू. रेल्वेच्या स्लीपरना लाकूड हवं होतं.

कोकणातल्या शेतकऱ्याला याचा फटका कुठे बसला? राबात.

राब म्हणजे काय, हे आमच्या पिढीतल्या अनेकांनी फक्त ऐकलं असेल. भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात झाडांचं कवळ, म्हणजे पाल्यासकट छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि भाजायचं. जमीन तणमुक्त होते, राख मिसळते, रोप जोमदार येतं. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या लागतात. झाड मारायचं नसतं, छाटायचं असतं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा लागणार. शेतकऱ्याच्या लेखी जंगल हा शेताचाच अर्धा भाग होता. वनखात्याच्या लेखी तो लाकडाचा साठा होता आणि शेतकरी चोर.

तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या प्रश्नावर सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. त्याच सुमारास महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते, आणि त्यातही वनखात्याने शेतकऱ्यांची गायरानं आणि चराई हिरावल्याचा संताप आहे. म्हणजे १९३० चा उद्रेक एका दिवसात झालेला नाही. त्याच्यामागे पन्नास वर्षांची कोंडी आहे.

२५ सप्टेंबर १९३०

१९३० चा सविनय कायदेभंग म्हटलं की आपल्याला दांडी आणि मीठ आठवतं. पण पावसाळ्यात मीठ पिकत नाही. उरणमध्ये मिठागरं होती, इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा पावसाळ्यात महाराष्ट्रात सत्याग्रह जंगलाकडे वळला. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सुरुवात केली. गवत कापायचं, लाकूड तोडायचं, आणि अटक करून घ्यायची. सांगलीकडे बिळाशी, इकडे चिरनेर.

चिरनेरची तारीख २५ सप्टेंबर. आसपासच्या गावांतून माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. पोलिसांनी धरपकड केली, जमाव वाढला, आणि गोळीबार झाला. आठ जण हुतात्मा झाले. त्यांत चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आहेत, नवश्या महादेव कातकरी आहेत, रामा बामा कोळी आहेत. त्या गदारोळात मामलेदार जोशीही मारले गेले. नंतर मोठा खटला चालला आणि आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आजही दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकावर मानवंदना होते, नेते येतात, भाषणं होतात. स्वातंत्र्यलढ्यातलं एक पान म्हणून आपण ते वाचतो. पण नवश्या कातकरी यांचं नाव एकदा नीट वाचा. कातकऱ्याकडे सातबारा नव्हता. त्याला जमीन परत मिळवायची नव्हती, कारण ती त्याच्या नावावर कधी नव्हतीच. तो ज्या हक्कासाठी उभा राहिला तो मालकीचा नव्हता. जंगलात जायचं, लागेल तेवढं आणायचं, बाकीचं तिथेच ठेवून परत यायचं, एवढा तो हक्क होता.

आणि आता आजच्या भागातली माझ्या मते सगळ्यात बोचरी गोष्ट. स्वातंत्र्य मिळालं. इंग्रज गेले. १९२७ चा तो कायदा राहिला. कलम २६ राहिलं. चिरनेरच्या डोंगरात आज तुम्हाला अडवणाऱ्या गार्डच्या हातात तेच पुस्तक आहे.

फुकट मुक्कामाची आपली रीत

मग आपल्याकडे मोकळा मुक्काम कधी नव्हताच का? होता. अजूनही आहे. फक्त आपण त्याला कॅम्पिंग म्हणत नाही.

दिवाळीनंतर पनवेल-पेण रस्त्यावर तुम्ही धनगरांचे कळप पाहिले असतील. पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर संसार, त्यावर कोंबड्या आणि लहान पोरं, सोबत कुत्री. फलटण, बारामतीकडच्या कोरड्या पट्ट्यातून घाट उतरून हे वाडे कोकणात येतात. वाडा म्हणजे एकत्र फिरणारी काही कुटुंबं. पावसाळ्याआधी पुन्हा घाट चढून वर जातात, कारण कोकणचा पाऊस त्यांच्या मेंढरांना सोसत नाही, खूर सडतात.

ते राहतात कुठे? भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. कुणाच्या? जो बोलावेल त्याच्या. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी उलट धनगरालाच धान्य किंवा पैसे देतो. काही रात्री एका शेतात, मग तळ उठवायचा, पुढचं शेत.

अमेरिकेत १४ दिवसांचा नियम लिहिण्यासाठी कायदा लागला. इथे तोच नियम कुणी न लिहिता चालत आला. खरं तर हा करार तिकडच्यापेक्षा वरचढ आहे. तिकडे पाहुण्याने जागा खराब करू नये एवढीच अपेक्षा असते, इथे पाहुणा जागा सुधारून जातो.

पण हा करार एका गोष्टीवर उभा आहे: पीक निघाल्यावर शेत मोकळं असतं आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला वाट असते. जिथे शेताला भराव घालून गोदाम झालं, तिथे शेतकरी आहे, पण बोलवायला शेत नाही. उरणचा बंदराकडचा भाग बघितलात की मी काय म्हणतोय ते कळेल.

ज्याच्या नावावर काहीच नव्हतं

आता उरणचा माणूस जमिनीवर बोलायला लागला आणि १९८४ आलं नाही, असं होत नाही.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या. पुढे बंदर आलं. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचा जीव घेतला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. देशभर त्याचं उदाहरण दिलं जातं आणि ते रास्त आहे.

पण साडेबारा टक्के कुणाला मिळाले? ज्याच्या नावावर शंभर टक्के होते त्याला. गुरं गायरानात चारणाऱ्याला शून्याचे साडेबारा टक्के. खाजणात हाताने मासे पकडणाऱ्या बाईला शून्याचे साडेबारा टक्के. पावसाळा सोडून येणाऱ्या धनगराचं तर नावही कुठल्या यादीत यायचं कारण नव्हतं. १९३० च्या आठ जणांनी ज्या प्रकारच्या हक्कासाठी जीव दिला, त्या प्रकारच्या हक्काला आपल्या हिशोबात रकानाच नाही.

रकाना तयार होऊ शकतो, याची दोन उदाहरणं सांगतो, म्हणजे सगळं काळंच आहे असं वाटायला नको.

पहिलं उरणचंच. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या कामामुळे मासेमारी गेलेल्या उरण परिसरातल्या १,६३० कोळी कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. समुद्राचा सातबारा नसतो. तरीही तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली, हा वापर हाच हक्काचा पुरावा धरला गेला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण विचाराची दिशा बघा.

दुसरं, २००६ चा वनहक्क कायदा. त्यात गावाच्या सामूहिक हक्कांबरोबर भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही मान्य केलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने आपला बांबू आपल्या नियमाने तोडून विकून दाखवला. जंगल संपलं नाही. बेडन-पॉवेलला मिळालेलं हे उत्तर सव्वाशे वर्षं उशिरा आलं, पण आलं.

मग तंबूचं काय?

कुणी म्हणेल, उद्या डोंगर मोकळे केले तर सोमवारी सकाळी तिथे बाटल्या आणि वेफर्सची पाकिटंच सापडतील. खरं आहे. अमेरिकेतही तंबूवाले कचरा टाकतात, गाड्या सोडून जातात, आणि म्हणून काही जागा बंद केल्या जातात. महाराष्ट्राचं नोंदलेलं वनक्षेत्र सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर आणि माणसं, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सव्वाअकरा कोटी. नेवाडाचा नियम इथे जसाच्या तसा चालणार नाही.

पण 'सगळं बंद' आणि 'सगळं प्रकल्पाला' यांच्या मधेही काहीतरी असतं. ठरावीक दिवस, ठरावीक जागा, चूल नाही, आणलेलं परत न्यायचं, आणि नियम ठरवताना त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावाला आणि वाडीला आधी विचारायचं. थोडक्यात, धनगर आणि शेतकरी जे बोलून ठरवतात तेच. उद्या अशी सोय झाली आणि चिरनेरच्या डोंगरात मुंबईच्या तंबूला परवानगी मिळाली, पण तिथल्या कातकरीवाडीच्या मोळीला मात्र नाही मिळाली, तर तो व्हिडिओ मला तरी लाइक करता येणार नाही.

तोवर साधी वाट आहे. कुठल्याही शेतकऱ्याला जाऊन नीट विचारा, "काका, आजची रात्र तुमच्या शेतात राहू का?" कोकणात भात निघाल्यावर या प्रश्नाला नाही म्हणणारे कमीच. आणि चिरनेरला गेलात तर आधी स्मारकावर थांबा. आठही नावं वाचा. दोन मिनिटं लागतात.

तुमच्या गावात अशी कुणाच्याच नावावर नसलेली, पण सगळ्यांच्या वापरातली जागा कुठली होती, आणि आज तिथे काय आहे, हे घरातल्या मोठ्यांना विचारून मला नक्की कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.